अ देश, ब देश आणि गोणीभर मिरची

मी संरक्षणशास्त्र शिकवतो. हे सांगितलं की समोरचा माणूस ठरलेले तीन प्रश्न विचारतो, म्हणून हल्ली मी उत्तरं आधीच देऊन मोकळा होतो. मी मिलिटरीत नव्हतो. मला बंदूक चालवता येत नाही. आणि हा विषय घेतला म्हणून पोलीस भरतीत मार्क वाढवून मिळत नाहीत. तिसरं उत्तर ऐकून निम्मा वर्ग भूगोलाकडे वळतो. उरलेल्यांतला एखादा तरी पहिल्याच तासाला हात वर करून आमच्या अहिराणीत विचारतो, "सर, ह्या विषयमा पयानं कितलं ऱ्हास?" म्हणजे, यात पळायचं किती असतं.

आमचं महाविद्यालय शहादा तालुक्यातलं आणि माझा विभाग म्हणजे त्यातली एक खोली. खोलीत एक लोखंडी कपाट आहे, भिंतीवर नकाशे आहेत, आणि एक पृथ्वीगोल आहे ज्यावर सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे. शिवाय वाळूने भरलेला एक मोठा ट्रे आहे. वाळूत डोंगर, नदी, खिंड उभी करून लढाई समजावून सांगायची, असा त्याचा मूळ हेतू. कॉलेजच्या मांजरांनी गेली काही वर्षं त्याचा वेगळा उपयोग चालवला आहे, त्यामुळे खिंड दाखवताना मी बोटाऐवजी पट्टी वापरतो.

एवढ्या सामग्रीवर मी ड्रोन, सायबर हल्ले, समुद्रातली बेटं आणि अण्वस्त्रं शिकवतो. पण माझा लाडका धडा आहे सुरक्षेच्या पेचाचा. एक देश स्वतःच्या बचावासाठी काहीतरी करतो. शेजारच्या देशाला वाटतं, हे आपल्याविरुद्धच आहे. मग तोही बचावासाठी काहीतरी करतो, ते बघून पहिला आणखी काही करतो. हल्ल्याचा विचार दोघांच्याही मनात नसतो आणि तरी दोघंही दातओठ खात सीमेवर उभे राहतात. हा धडा मी फार रंगवून सांगतो. तो तसा रंगवत असतानाच दोन वर्षं माझं शेजाऱ्याशी बोलणं बंद होतं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. पीएचडी झालेल्या माणसाचं असं होतं.

हा शेजारी म्हणजे आमचे मिस्तरी. त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिने, पिंजरे, जे लोखंडाचं म्हणाल ते. त्यांचं घराणं गावात आमच्या घराण्याच्याही आधीपासून आहे. आमची दोन्ही घरं एकाच वर्षी बांधली गेली, मधल्या भिंतीला वीट दोघांनी मिळून आणली, आणि माझ्या घराची एकूण एक जाळी त्यांच्या हातची आहे. ईदचा शीरखुर्मा तिकडून येतो, दिवाळीचा फराळ इकडून जातो. ते मला 'सर' म्हणतात, मी त्यांना 'भाई' म्हणतो, आणि त्यांच्या घरच्या बाईंना आम्ही दोघं नवराबायको 'भाभी' म्हणतो.

भाभींची खरी ओळख मात्र बिबड्यांनी, म्हणजे ज्वारीच्या पापडांनी होते. उन्हाळ्यात ज्वारी भिजवून, कांडून, तिचा तीळ-लसूण घातलेला घाटा शिजवायचा आणि ओल्या कापडावर हाताने पातळ गोल फिरवत बिबडे घालायचे, हे एकट्या बाईचं काम नव्हे. घाटा गरम असेपर्यंत सगळं उरकावं लागतं. आमच्या गल्लीत आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशी पाळी असते, आणि सगळ्यांचे बिबडे मिस्तरींच्या छतावर पडतात, कारण तिथे दिवसभर ऊन असतं. भाभींचा हात इतका हलका की त्यांच्या बिबड्यातून पलीकडचं दिसतं. आमच्या हिचा हात जाड आहे. हे मी लिहितो आहे, बोललेलो नाही.

तर आता मिरचीचं सांगतो. थंडीचे दिवस होते. आमच्या हिने वर्षाची लाल मिरची घेऊन आमच्या छतावर वाळत घातली आणि ती माहेरी ब्राह्मणपुरीला आठ दिवसांसाठी गेली. जाताना मला एकच काम सांगून गेली: मिरचीकडे लक्ष ठेवा. मी ठेवलंही, मनातल्या मनात. ती गेली त्याच दिवशी मी गुप्तवार्ता यंत्रणा गाफील का राहतात या विषयावरचा शोधनिबंध लिहीत होतो आणि दार लावून बसलो होतो. संध्याकाळी वर गेलो, तर छत ओलं आणि मोकळं. एक मिरची नाही. चार देठ तेवढे पडले होते.

चोराची भीती नव्हती मला, ब्राह्मणपुरीहून परत येणाऱ्या बाईची होती. 'मी झोपलो होतो' यापेक्षा 'चोरी झाली' हे वाक्य कधीही बरं, आणि चोरी झाली म्हटलं की त्यावर काहीतरी कारवाई केलेली दिसली पाहिजे. मी सुरतेला असलेल्या भाच्याला फोन केला. तिसऱ्या दिवशी नवापूरमार्गे येणाऱ्या बसने कॅमेरा आला आणि चौथ्या दिवशी तो आमच्या छताच्या कोपऱ्यावर बसला. छताचा कोपरा तो, तिथून आमचं छत दिसतं आणि मिस्तरींचंही दिसतं. मी म्हटलं, असू दे, जास्त दिसलं तर काय बिघडलं.

त्या चार दिवसांत मिस्तरींच्या घराला कुलूप होतं. ते आले ते थेट वर बघत उभे राहिले.

"सर, हाऊ कॅमेरा कोनावर शे?"

"कोनावर नही, भाई. हाऊ प्रतिबंधक उपाय शे."

"प्रतिबंध कोना?"

यावर साधं उत्तर होतं. भाई, माझी मिरची गेली, आणि बायकोला काय सांगू या विचाराने माझी झोप उडाली आहे. हे मी म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी त्यांना निरीक्षण क्षमतेबद्दल दोन वाक्यं ऐकवली. ते कुलूप उघडून आत गेले.

आठव्या दिवशी ही परत आली. चोरीचं ऐकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चोर? आपली गल्लीमा मिरचीना चोर कोठून उना? आभाय उनं व्हई, भाभीनी उचल्या व्हतीन!"

मला हे माहीतच नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं, की आभाळ आलं आणि शेजारीण घरात नसली की तिचं वाळवण आपण उचलायचं. ते सांगायचंही नसतं. वाळवण जागेवर नाही, म्हणजे ते शेजारी आहे. मी छतावर वर्षातून एकदा, टाकी धुवायला जाणारा माणूस. मला ही रीत कोण सांगणार?

"मग विचार की भाभीला," मी म्हटलं.

"आते?" तिने कॅमेऱ्याकडे बोट केलं. "आते इचारं ते त्यास्ले चोर म्हनाना सारखं व्हई. तुम्हीच जा."

मीही गेलो नाही. 'माझी मिरची तुमच्याकडे आहे का' असं डोक्यावर कॅमेरा लावून विचारायला फार मोठी छाती लागते, आणि भरतीच्या मापात माझी छाती कधीच बसली नव्हती.

मग सुरू झालं ते सगळं माझ्या धड्याप्रमाणे. आठवड्याभरात मिस्तरींच्या छताच्या आमच्या बाजूला पत्र्याची आडोशाची भिंत उभी राहिली. त्या पत्र्याने आमच्या पाणी तापवायच्या सौर टाकीवरचं ऊन अडलं, म्हणून मी चिडून मधल्या भिंतीवर चार थर विटा चढवल्या. विटांनी त्यांच्या ओट्यावरची हवा गेली. त्यांनी गेटावर भाल्यासारखी टोकं बसवली. मी हॅलोजन लावला. त्यांनी कॅमेरा लावला, आणि तो नेमका माझ्या कॅमेऱ्याकडे तोंड करून लावला. दोन कॅमेरे दिवसरात्र एकमेकांना बघत बसले. माझी अडचण एवढीच होती की त्यांचं सगळं उत्पादन स्वदेशी आणि घरचं. माझं सगळं सुरतेहून आयात. या स्पर्धेत मी हरणार हे मला तज्ज्ञ म्हणून दिसत होतं.

शेजारी दोन देश भांडायला लागले की बाहेरच्या बड्या सत्तांना त्यात रस निर्माण होतो, हेही मी शिकवतो. तेही झालं. एके दिवशी दोन मोटरसायकलींवरून चार तरुण आले. मी त्यांना ओळखतही नव्हतो. "सर, तुम्ही फक्त आवाज द्या," त्यातला एक म्हणाला. "कशासाठी?" मी विचारलं. त्याने मिस्तरींच्या घराकडे मान उडवली. माझं भांडण मिरचीचं आणि पत्र्याचं होतं; हे लोक दुसरंच काहीतरी त्यात भरायला आले होते. मी त्यांना सांगितलं की मिस्तरी माझे भाऊ आहेत आणि भावाभावांचं भांडण आहे, चहा पिऊन जा. ते चहा न पिता गेले. पुढे कळलं, तिकडेही कोणी असेच आले होते आणि तेही चहा न पिता परत गेले होते. म्हणजे आम्ही बोलत नव्हतो, पण या एका बाबतीत आमचं परराष्ट्र धोरण जुळत होतं.

दोन उन्हाळे मिस्तरींच्या छतावर बिबडे पडले नाहीत. आमच्या हिने एक उन्हाळा विकतचे आणले आणि दुसऱ्या उन्हाळ्यात घरी एकटीने घातले. ते आम्ही खाल्ले. अजून दातांची तक्रार आहे. बायकांचं बोलणं मात्र अगदीच तुटलं नव्हतं. भाजीच्या गाडीपाशी दोघी तटस्थ भूमीवर भेटायच्या, आणि मिरची सोडून सगळं बोलायच्या. तिथूनच एके सकाळी ही कोथिंबिरीची जुडी हातात धरून आली आणि जुडी तशीच ओट्यावर टाकून खाली बसली.

"त्या जाई ऱ्हायनात," ती म्हणाली.

"कोण?"

"भाभी. गावना त्या टोकले प्लॉट दखी उनात. मिस्तरी म्हनतस, तठे आपला लोके शेतस, तठे कोनी डोया ठेवस नही."

आपले लोक. मी हे शब्द ऐकले आणि मला राग आला, म्हणजे आधी त्यांचा आला आणि मग लगेच माझा. इतकी वर्षं आम्ही कोण होतो मग? माझ्या मुलीला सायकल कोणी शिकवली? पण हा प्रश्न विचारायला तोंड उरलं नव्हतं, कारण डोळा मी ठेवला होता. मला मिस्तरी जायला नको होते. तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

त्याच सुमाराला प्राचार्यांनी मला बोलावलं. विद्यापीठाची समिती येणार होती आणि प्रत्येक विभागाने 'उपक्रम' दाखवायचा होता, नाहीतर विभाग बंद. "तुमची ती वाळू दाखवू नका," प्राचार्य म्हणाले. मी म्हटलं, नमुना सुरक्षा परिषद घेऊ. विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी होतील, एका सीमावादावर चर्चा करतील, ठराव मांडतील. प्राचार्य खूश झाले. त्यांनी ताबडतोब देशांचे झेंडे उभे करायला लोखंडी स्टँड करायला टाकले. गावात स्टँड कोण करतं, हे त्यांना विचारायचं मला सुचलं नाही.

परिषदेचं अध्यक्षपद मी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला दिलं. धडगावकडच्या एका पाड्यावरची. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जातात, म्हणून ती आजोबांकडे वाढली आणि पुढे आश्रमशाळेत शिकली. घरी पावरी बोलते, आणि मराठी शाळेत शिकल्यामुळे माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. तिला पोलिसात जायचं नाही. वर्गात हा एकच अपवाद, म्हणून मला ती पहिल्यापासून संशयास्पद वाटत आली होती. वादाचा कागद घ्यायला ती माझ्या घरी आली तेव्हा अंगणात उभी राहून वर बघत म्हणाली, "सर, हे दोघं एकमेकांकडे का बघतात?"

"ते सोड," मी म्हटलं, "कागद वाच."

कागदावर मी काल्पनिक वाद लिहिला होता. अ देशाच्या मालमत्तेची हानी झाल्यामुळे त्याने सीमेवर निरीक्षण यंत्रणा बसवली. ब देशाने आक्रमकपणे आडोसा उभारला. अ देशाने संयमाने भिंत उंच केली. ब देशाने टोकदार शस्त्रसज्जता केली. मला खरोखर वाटत होतं की हे मी पाठ्यपुस्तकातून घेतलं आहे.

परिषदेच्या दिवशी निम्मं जग गैरहजर होतं. अमेरिकेची धावण्याची चाचणी होती. रशियाची म्हैस व्यायली होती. चीन म्हसावदहून बसने निघाला होता, पण बस मध्येच बंद पडली आणि तो केळीच्या ट्रकमध्ये बसून ठरावानंतर पोहोचला. समितीचे तिघं सदस्य पुढच्या रांगेत बसले, त्यांच्यासमोर पोह्यांच्या बशा आल्या. मी सभागृहाकडे नजर टाकली. शेवटच्या बाकावर मिस्तरी बसले होते. स्टँड त्यांनी सकाळी आणून दिले होते, त्यातला फ्रान्सचा डगमगत होता. तो कार्यक्रमानंतर घट्ट करून द्यायला ते पाना घेऊन थांबले होते.

अ देशाच्या प्रतिनिधीने कागद वाचला. ब्राह्मणपुरीकडचा दणकट मुलगा, खणखणीत आवाज. 'निरीक्षण यंत्रणा'ला मिस्तरींनी मान वर केली. 'आडोसा'ला ते सरळ बसले. 'भिंत उंच केली'ला त्यांनी पाना बाकावर ठेवला. मी नजर फ्रान्सच्या झेंड्यावर खिळवून ठेवली.

"ब देशाचं म्हणणं काय आहे?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

ब देशाच्या मुलाने कागद उलटापालटा केला. "मॅडम, सरांनी ब देशाची बाजू लिहिलेलीच नाहीये."

हे खरं होतं. मला तेव्हाच कळलं.

सभागृहात कुजबुज झाली आणि मागून आवाज आला, "मी सांगू का?"

प्राचार्यांना वाटलं हाही उपक्रमाचा भाग आहे. त्यांनी मान डोलावली. त्या मुलीने एकदा मिस्तरींकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. तिने आमच्या दोन घरांवरचे दोन्ही कॅमेरे पाहिले होते. "या," ती म्हणाली. "पण इथे एक पद्धत आहे. माझे आजोबा आमच्या पाड्यावर पंच आहेत. ते भांडण तोडायला बसतात तेव्हा दोघांना समोरासमोर बसवत नाहीत. एकाने मधल्या माणसाला सांगायचं आणि मधल्याने दुसऱ्याकडे जाऊन सांगायचं. आजोबा म्हणतात, दुसऱ्याच्या तोंडून आलं की बोलण्यातला निम्मा राग गळून जातो. तुम्ही माझ्याकडे बघून बोला."

"हे नियमावलीत नाही," मी पुटपुटलो. समितीच्या अध्यक्षांनी वळून मला गप्प केलं.

मिस्तरी तिच्याकडे बघून बोलू लागले. "त्या दिन आभाय उनं. त्या देशमा कोनी दिसनं नही. मन्ही घरवालीनी मिरच्या उचल्या, गोणीमा भरी ठेवात. आमनी गल्लीनी रीत शे ती, सांगानं काय त्यामा? त्याच सांजले आम्ही नवापूरले गयात, मन्हा सालाना घर मयत व्हयेल व्हती. परत उनात ते आमना छतवर कॅमेरा." ते थांबले. "आते मिरच्या कश्या देवान्यात? दिन्यात ते चोर ठरसूत. नही दिन्यात तरी चोरच. ती गोणी आजबी मन्हा घरमा शे. दर हिवायामा ती पत्राना मांगे वाळत घालस, किडाले नको म्हनीसन. दोन साल व्हयनात, मन्ही बायको स्वतःना छतवर डोकावर पदर लिसन जास."

पत्र्याच्या पलीकडे, माझ्या कॅमेऱ्यापासून चार हातांवर, माझी मिरची दोन हिवाळे ऊन खात होती. गुप्तवार्तेच्या अपयशावरच्या माझ्या निबंधात इतकं चांगलं उदाहरण नव्हतं.

मुलगी अ देशाच्या मुलाकडे गेली आणि तिने सगळं शुद्ध मराठीत सांगितलं. अ देशाने हतबल होऊन माझ्याकडे बघितलं. मग ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, अ देशाला मदत हवी आहे."

मी उठलो. तोंडात 'प्रतिबंधक' हा शब्द आला होता, तो गिळला. "अ देशाला चोराची भीती नव्हती," मी तिच्याकडे बघत म्हटलं. "अ देशाला बायकोची भीती होती. लक्ष ठेव सांगितलं होतं आणि अ देश दार लावून निबंध लिहीत बसला. कोणाला विचारायची लाज वाटली, म्हणून कॅमेरा लावला. अ देश चुकला." मग मी घाईने उरलेलं बोलून टाकलं. "आणि अ देशाला शेजारी राहायला ब देशाशिवाय दुसरा कोणताही देश नको आहे. एवढं त्यांना सांग."

मिस्तरी पाच हातांवर उभे होते, त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं. तरी ती चालत त्यांच्याकडे गेली आणि तिने ते जसंच्या तसं सांगितलं. मिस्तरी डगमगणाऱ्या फ्रान्सचा नट बोटांनी पिळत राहिले.

"आता शेवटचं," ती म्हणाली. "दोघांनी एका भांड्यातून खायचं." तिने इकडेतिकडे बघितलं. सभागृहात खाण्यासारखी एकच गोष्ट होती. तिने समितीच्या अध्यक्षांसमोरची पोह्यांची बशी, त्यांचा चमचा हवेत असताना, उचलली आणि आमच्या दोघांच्या मध्ये धरली. आम्ही खाल्ले. पोह्यांत मीठ नव्हतं. समितीने टाळ्या वाजवल्या आणि अहवालात 'भूमिकाभिनय अत्यंत वास्तवदर्शी' असा शेरा मारला. माझा विभाग वाचला. वाळूचा ट्रेही वाचला, मांजरांसकट.

संध्याकाळी भाभी गोणी घेऊन स्वतः आमच्या दारात आल्या. आमची ही आणि त्या, दोघी गोणीला धरून आधी रडल्या आणि मग मिरचीच्या खकाण्याने शिंकत हसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मिस्तरींनी पत्रा काढला, मी विटांचे चार थर उतरवले. त्यांचा कॅमेरा त्यांनी दुकानात लावला. माझा तसाच राहिला, कारण तो काढायचा कसा हे भाच्यालाच माहीत होतं. उन्हाळा लागल्यावर बिबड्यांच्या पहिल्या सकाळी आमच्या हिने मूठभर घाटा घेऊन तो कॅमेऱ्याच्या डोळ्यावर थापला आणि निःशस्त्रीकरण पूर्ण झालं.

पण प्लॉटचं काय, ते मिस्तरी बोलले नाहीत आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही. बोलणं सुरू झालं होतं, चहा सुरू झाला होता. तरी त्यांच्या गेटसमोर एखादा टेम्पो थांबला की मी खिडकीशी जाऊन बघायचो, सामान चढतंय की उतरतंय.

एप्रिलात एके दुपारी दोन्ही घरच्या बायका म्हसावदला एका लग्नाला गेल्या होत्या. मिस्तरी दुकानात. मी दार उघडं टाकून पेपर तपासत होतो. खोलीत एकदम अंधारून आलं, बाहेर बघितलं तर आभाळ भरलेलं. त्यांच्या छतावर भाभींचे बिबडे होते, आदल्या दिवशी घातलेले. मी हातातला पेपर टाकला आणि मधल्या भिंतीवरून, या वयात, धोतरासारखी लुंगी खोचून पलीकडे उतरलो आणि त्यांच्या जिन्याने छतावर गेलो. कापडं ओढली, बिबडे सोडवले, काही तुटले, काही माझ्या हाताला चिकटले. जे आले ते टोपलीत भरून घरी आणले. चार थेंब पडले आणि आभाळ निघून गेलं. मी कोणाला फोन केला नाही. मला आता रीत माहीत होती.

संध्याकाळी भाभी लग्नाहून आल्या, वर गेल्या, खाली आल्या आणि काही एक न विचारता थेट आमच्या दारात येऊन त्यांनी हात पुढे केला. मी टोपली दिली. त्यांनी वरचं फडकं बाजूला केलं. बिबडे एकमेकांना चिकटून त्यांचा एकच जाडजूड गोळा झाला होता.

"सर," त्या म्हणाल्या, "वल्ला बिबडा असा एकावर एक ठेवतस का?"

मिस्तरी त्यांच्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी टोपलीत वाकून बराच वेळ बघितलं. मग माझ्या चिकट झालेल्या लुंगीकडे बघितलं.

"तो प्लॉट मी सोडी दिना, सर," ते म्हणाले. "तठे आभाय उनं ते कोन उचली?"

त्यांनी गोळ्यातला एक कोपरा तोडून तोंडात टाकला, चावला, आणि भाभींकडे वळून म्हणाले, "उचलनारा असा शे. पन शे."